कामगारांचा वकील न्यायाधीश झाला आणि कामगारांच्याच खटल्यातून बाजूला बसला

मुंबई हायकोर्ट कव्हर करणाऱ्या कुठल्याही पत्रकाराला विचारा, 'नॉट बिफोर मी' हे तीन शब्द त्याला पाठ असतात. न्यायमूर्ती फाईल उघडतात, पक्षकारांची नावं बघतात आणि हे प्रकरण माझ्यासमोर नको असं सांगून मोकळे होतात. फाईल दुसऱ्या पीठाकडे जाते. याला इंग्रजीत रिक्युजल म्हणतात, आपण माघार म्हणू.

एखाद्या मोठ्या खटल्यात अशी माघार झाली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक म्हणतो काय प्रामाणिक माणूस आहे. दुसरा म्हणतो जबाबदारी टाळली. आणि न्यायाधीश बाजूला झाला नाही, तर हेच दोन गट जागा बदलून भांडतात.

पण समजा एखादा वकील आयुष्यभर कामगारांच्या बाजूने लढला. मग तो थेट सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश झाला. आता त्याच्यासमोर कामगाराची नुकसानभरपाई, कामगाराची मजुरी, कामगाराचे कामाचे तास यावरचे खटले येणार. त्याने बसायचं की उठून जायचं?

ही गोष्ट अमेरिकेत खरोखर घडली. माणसाचं नाव लुई ब्रँडाइस. गोष्ट त्याच्या मोठेपणाची आहे, पण तेवढीच नाहीये, आणि मला ती आवडते ती त्या दुसऱ्या भागामुळे.

ब्रँडाइसचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ चा, केंटकी राज्यातल्या लुईव्हिल गावातला. आईवडील ज्यू, मूळचे प्रागचे. युरोपातली १८४८ ची बंडं फसल्यावर हे कुटुंब अमेरिकेला आलं. मामा लुईस डेम्बिट्झ वकील होता, गुलामगिरीचा कट्टर विरोधक होता आणि १८६० मध्ये अब्राहम लिंकनला उमेदवारी देणाऱ्या अधिवेशनात प्रतिनिधी होता. भाच्यावर मामाचा इतका प्रभाव की त्याने स्वतःचं मधलं नाव डेव्हिड बदलून डेम्बिट्झ केलं.

काही काळ जर्मनीतल्या ड्रेस्डेनला शाळा केली आणि कुठलीही पदवी हातात नसताना गडी १८ व्या वर्षी हार्वर्डच्या लॉ स्कूलमध्ये दाखल झाला. डोळे इतके बिघडले की वाचणं कठीण झालं. मित्र पुस्तकं मोठ्याने वाचायचे, हा ऐकून लक्षात ठेवायचा. १८७७ मध्ये वर्गात पहिला आला तेव्हा वय २० होतं आणि नियमानुसार २१ च्या आत पदवी देता येत नव्हती. हार्वर्डला त्याच्यासाठी नियम बाजूला ठेवावा लागला.

१८७९ मध्ये वर्गमित्र सॅम्युएल वॉरनसोबत बोस्टनमध्ये फर्म काढली. या दोघांनी १८९० मध्ये खासगीपणाच्या हक्कावर एक लेख लिहिला. आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये पुट्टास्वामी खटल्यात प्रायव्हसी हा मूलभूत हक्क ठरवला, त्या निकालातही या लेखाची चर्चा आहे. म्हणजे आधारवरून आपण जो वाद घातला, त्याचं एक टोक बोस्टनच्या त्या फर्मपर्यंत जातं.

फर्म जोरात चालली, पैसा भरपूर आला. आणि पैसा आल्यावर ब्रँडाइसने एक वेगळंच काम सुरू केलं. तो लोकांच्या केसेस फुकट लढायला लागला. रेल्वे कंपनीची मक्तेदारी, गॅसचे दर, कामगारांचा विमा. त्या काळी विमा कंपन्या गिरणीकामगारांकडून आठवड्याला थोडे थोडे सेंट गोळा करायच्या आणि एक हप्ता चुकला की पॉलिसी बुडवायच्या. ब्रँडाइसने हिशोब मांडून दाखवला आणि १९०७ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात सेव्हिंग बँकांमधून स्वस्त विमा देणारा कायदा करून घेतला. वर्तमानपत्रं त्याला जनतेचा वकील म्हणू लागली.

त्याला देशभर ओळख मिळाली ती मात्र एका लाँड्रीमुळे.

ओरेगन राज्यात १९०३ मध्ये कायदा झाला की कारखान्यात आणि लाँड्रीत बायकांना दिवसाला १० तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. पोर्टलंडमधल्या कर्ट मुलर नावाच्या लाँड्रीमालकाला हा कायदा मोडल्याबद्दल १० डॉलर दंड झाला. मुलर थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेला. त्याची बाजू भक्कम होती, कारण १९०५ मध्येच याच कोर्टाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांसाठीचा तसाच कायदा उडवला होता. कोर्टाचं म्हणणं असं की मालक आणि कामगार यांनी आपसात काय करार करायचा, यात सरकारने नाक खुपसू नये.

नॅशनल कन्झ्युमर्स लीग ही संघटना ब्रँडाइसकडे आली. संघटनेत त्याची मेहुणी जोसेफिन गोल्डमार्क काम करायची. ब्रँडाइसने अट घातली की मी संघटनेचा पाहुणा म्हणून येणार नाही, ओरेगन सरकारचा वकील म्हणूनच उभा राहणार. मग मेहुणीने लायब्ररीत बसून डॉक्टरांचे अहवाल, फॅक्टरी इन्स्पेक्टरांच्या नोंदी, युरोपातले कायदे असं सगळं गोळा केलं. कोर्टात दिलेला मसुदा शंभरावर पानांचा. त्यात कायद्याचा युक्तिवाद जेमतेम दोन पानं. बाकी सगळी माहिती की जास्त तास काम केल्यावर माणसाच्या शरीराचं काय होतं.

२४ फेब्रुवारी १९०८ ला कोर्टाने एकमताने ओरेगनचा कायदा उचलून धरला. तेव्हापासून असा आकडेवारीने भरलेला मसुदा दिला की अमेरिकेत त्याला ब्रँडाइस ब्रीफ म्हणतात. (त्या निकालात बायका म्हणजे दुबळ्या, त्यांना संरक्षण हवं असा सूर आहे आणि त्यावर आज स्त्रीवादी अभ्यासक सडकून टीका करतात. टीका बरोबरच आहे.)

ही मेहुणी, हे ओरेगन आणि हे बायकांचे कामाचे तास लक्षात ठेवा. पुढे यांनीच घोळ घातला.

आता थोडं नुकसानभरपाईबद्दल. त्या काळात कामगाराचा हात मशीनमध्ये गेला तर पैसे मिळवायला त्याला कोर्टात मालकाची चूक सिद्ध करावी लागायची. आणि मालकाकडे तीन ढाली तयार असायच्या. कामातला धोका माहीत असूनच तू नोकरी धरलीस, ही पहिली. चूक माझी नाही, तुझ्या शेजारच्या कामगाराची आहे, ही दुसरी. आणि तूही थोडा बेसावध होतास, ही तिसरी. यातली एक जरी चालली तरी कामगार रिकाम्या हाताने घरी.

यावर उपाय म्हणून नवी कल्पना आली. चूक कुणाची हे विचारायचंच नाही. कामावर असताना इजा झाली ना, मग ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे भरपाई द्या आणि विषय संपवा. बदल्यात कामगाराने मोठ्या रकमेचा दावा लावायचा नाही. आपल्याकडे हीच कल्पना १९२३ च्या वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन ॲक्टमधून आली, १ जुलै १९२४ पासून लागू झाली.

न्यूयॉर्कने हा कायदा १९१० मध्येच केला होता. २४ मार्च १९११ ला राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाकडून पैसे घेणं म्हणजे त्याची मालमत्ता हिसकावणं, असं न्यायाधीशांचं म्हणणं होतं. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्कमधल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. १४६ कामगार मेले, बहुतेक तरुण मुली. न्यूयॉर्कला राज्यघटना बदलून कायदा पुन्हा आणावा लागला आणि त्यावरची लढाई सरकत सरकत वॉशिंग्टनला पोहोचली.

म्हणून मग सुप्रीम कोर्टात कोण बसतंय याला एवढं महत्त्व आलं.

२८ जानेवारी १९१६ ला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ब्रँडाइसचं नाव जाहीर केलं आणि अक्षरशः स्फोट झाला. ज्यू माणूस याआधी त्या कोर्टात कधी बसलाच नव्हता, तो राग होताच. पण उघडपणे कुणी ते बोलेना. उघड आक्षेप वेगळा होता. हा माणूस न्यायाधीशाच्या वृत्तीचाच नाही, हा चळवळ्या आहे, म्हणून हा निःपक्ष राहू शकत नाही. माजी राष्ट्राध्यक्ष टाफ्ट विरोधात उतरले, वकील संघटनेचे माजी अध्यक्ष उतरले. हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल आणि बोस्टनमधली ५० हून अधिक वजनदार माणसं यांनी सह्यांचं निवेदन पाठवलं.

सिनेटच्या समितीने जाहीर सुनावण्या घेतल्या. सुप्रीम कोर्टाच्या नेमणुकीसाठी असं पहिल्यांदाच होत होतं. त्यात जुन्या केसेस उकरून काढल्या गेल्या. एक प्रकरण तर खरंच विचार करायला लावणारं आहे. लेनॉक्स नावाचा एक कातड्याचा व्यापारी दिवाळखोरीच्या दारात असताना ब्रँडाइसकडे आला. त्याला वाटलं हा आता माझा वकील. ब्रँडाइसने आपल्या भागीदाराला सगळ्या देणेकऱ्यांच्या वतीने विश्वस्त नेमलं आणि लेनॉक्सच्या लक्षात आलं की आपल्या बाजूने कुणीच नाही. ब्रँडाइसची भूमिका अशी की मी कुण्या एकाचा नाही, मी या परिस्थितीचा वकील आहे. ऐकायला भारी वाटतं. पण लेनॉक्सच्या जागी तुम्ही असाल तर? दुसरं प्रकरण बूट बनवायची यंत्रं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं. ब्रँडाइस तिचा संचालक होता आणि नंतर तिच्याच विरोधकांना सल्ला देत होता.

समर्थकांचं उत्तर सोपं होतं. आयुष्यभर रेल्वे कंपन्यांची वकिली करून कोर्टात बसलेल्यांना कुणी पक्षपाती म्हणत नाही, कामगारांची वकिली केली की लगेच म्हणतात. यातही दम आहेच.

चार महिने हा तमाशा चालला. योगायोग बघा, त्याच दिवसांत बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि मे १९१६ मध्ये तिथल्या चर्चासत्रात त्यांनी भारतातल्या जातींवरचा आपला निबंध वाचला. वॉशिंग्टनमध्ये तेव्हा एका ज्यू वकिलाला खुर्ची द्यायची की नाही यावर भांडण सुरू होतं. १ जून १९१६ ला सिनेटने मतदान केलं. बाजूने ४७, विरोधात २२. ब्रँडाइस न्यायमूर्ती झाला.

आणि काही महिन्यांतच परीक्षा आली.

वॉशिंग्टन राज्याने अपघातग्रस्त कामगारांसाठी सरकारी निधी काढला होता, धोकादायक धंद्यातल्या मालकांनी त्यात पैसे भरायचे. माउंटन टिंबर नावाच्या लाकूड कंपनीने नकार दिला. ६ मार्च १९१७ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने कायदा वैध ठरवला. न्यूयॉर्कचा नवा भरपाई कायदाही त्याच दिवशी टिकला, तोही एकमताने. माउंटन टिंबरच्या पाचांमध्ये ब्रँडाइस होता. तो बाजूला बसला असता तर कोर्ट ४-४ वर अडकलं असतं.

साधारण एका महिन्याने, ९ एप्रिल १९१७ ला, दुसरा निकाल आला. पुन्हा ओरेगन, पुन्हा पोर्टलंड. या वेळी स्टेटलर नावाचा खोक्यांच्या कारखान्याचा मालक आणि बायकांच्या किमान वेतनाचा कायदा. कायदा लागू करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते एक पाद्री, एडविन ओ'हारा. मतं पडली ४-४. नववा न्यायाधीश होता ब्रँडाइस आणि त्याने भागच घेतला नव्हता.

कारण? डिसेंबर १९१४ मध्ये हाच खटला याच कोर्टात ओरेगनच्या बाजूने लढणारा वकील तो स्वतः होता. तो न्यायाधीश झाल्यावर खटल्याची सुनावणी नव्याने झाली आणि त्याच्या जागी उभा राहिला त्याचा तरुण मित्र, हार्वर्डचा प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर. त्याच दिवशी ओरेगनच्याच १० तासांच्या दुसऱ्या कायद्याचाही निकाल लागला. त्याच्या तयारीतही ब्रँडाइसचा हात होता, त्यातूनही तो बाजूला राहिला. तो कायदा ५-३ ने टिकला.

इथे थांबून फरक बघायला हवा, कारण निःपक्षपातीपणावरची निम्मी भांडणं इथेच होतात. कामगाराला भरपाई मिळावी असं ब्रँडाइसचं मत होतं, हे सगळ्या अमेरिकेला माहीत होतं. तरी तो माउंटन टिंबरमध्ये बसला. कारण मत असणं म्हणजे पक्षपात नव्हे. डोक्यात कुठलंच मत नसलेला न्यायाधीश मिळणार कुठून? पण स्टेटलरमध्ये प्रश्न मताचा नव्हता. त्याच फाईलवर त्याची वकील म्हणून सही होती. स्वतः मांडलेल्या युक्तिवादावर स्वतःच निकाल देणं म्हणजे बॅटिंगही आपली आणि अंपायरही आपणच. गल्लीतल्या क्रिकेटमध्येही हे चालत नाही. आणि त्याला कुणी भाग पाडलं नव्हतं. सुप्रीम कोर्टात माघार घ्यायची की नाही, हे तेव्हा ज्याचं त्यानेच ठरवायचं होतं.

पण याची किंमत काय पडली? ४-४ झालं की खालच्या कोर्टाचा निकाल कायम राहतो. ओरेगनच्या कोर्टाने कायदा वैध ठरवला होता, त्यामुळे ओरेगनच्या बायकांचं वेतन वाचलं. पण बरोबरीच्या निकालातून देशाला लागू होणारा पायंडा पडत नाही. ब्रँडाइस बसला असता तर आकडा ५-४ झाला असता आणि किमान वेतन कायदेशीर आहे हे अख्ख्या अमेरिकेसाठी लिहिलं गेलं असतं. ते राहिलं. कुठल्या बायकांचं नुकसान झालं ते पुढे सहा वर्षांनी कळलं.

त्याआधी त्याच मे महिन्यात विनफिल्ड नावाच्या रेल्वे कामगाराचा खटला आला. रूळाखालची खडी ठोकताना खडा उडाला आणि त्याचा एक डोळा गेला. चूक कुणाचीच नव्हती. बहुमताने सांगितलं की आंतरराज्य रेल्वेच्या कामगारांना केंद्राचा कायदा लागू, त्यात चूक सिद्ध केल्याशिवाय पैसे नाहीत, म्हणून न्यूयॉर्कच्या भरपाई कायद्याचा फायदा याला नाही. ब्रँडाइसने लांबलचक भिन्नमत लिहिलं. त्याचा मुद्दा असा की बरेचसे अपघात कुणाच्या चुकीने होतच नाहीत, ते कामाचाच भाग असतात. डोळा गेल्यावर कुटुंब सांभाळायची जबाबदारी ज्या समाजावर पडते, त्या राज्याला ती वाटून घ्यायची पद्धत ठरवू द्या. स्वतःचे डोळे जवळजवळ गमावून बसलेल्या माणसाने हे लिहिलंय हे मला वाचताना सतत जाणवत होतं, पण निकालात त्याचा उल्लेख नाही. नसायलाच हवा.

१९२३ मध्ये काय झालं ते आता बघू.

राजधानी वॉशिंग्टनमध्ये बायकांसाठी किमान वेतन मंडळ होतं. त्याविरोधात एक रुग्णालय कोर्टात गेलं आणि विली लायन्स नावाची २१ वर्षांची लिफ्ट चालवणारी मुलगीही गेली. तिला हॉटेलात महिना ३५ डॉलर आणि दोन वेळचं जेवण मिळायचं. मंडळाने दर वाढवल्यावर हॉटेलने तिला काढून टाकलं. निकाल ९ एप्रिल १९२३ ला लागला, स्टेटलरनंतर बरोबर सहा वर्षांनी, तारीखसुद्धा तीच. ५ विरुद्ध ३ ने किमान वेतनाचा कायदा रद्द.

३ का? कारण ब्रँडाइस पुन्हा बाजूला होता. या वेळी कारण त्याची धाकटी मुलगी एलिझाबेथ. ती त्याच किमान वेतन मंडळाची सचिव होती.

आकड्यांच्या हिशोबात तो बसला असता तरी ५-४ नेच हरला असता. पण १९१७ मध्ये पायंडा पडला असता तर १९२३ चे न्यायाधीश इतक्या सहज कायदा उडवू शकले असते का? माझं मत विचाराल तर नाही. माघार योग्य होती आणि तिचं बिल बायकांनी भरलं, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

१९२७ साल तर या विषयाचंच साल म्हणावं लागेल. मार्चमध्ये ट्युमी नावाच्या माणसाचा खटला आला. ओहायोमधल्या एका गावात दारूबंदीचे खटले महापौरच चालवायचा आणि आरोपी दोषी ठरला तरच महापौराला फी मिळायची. ट्युमीला १०० डॉलर दंड झाला आणि महापौराच्या खिशात १२ डॉलर गेले. सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की निकालात पैशाचा थेट स्वार्थ असलेला माणूस न्याय देऊ शकत नाही. निकाल लिहिला होता टाफ्ट यांनी. होय, तेच टाफ्ट, जे ब्रँडाइसच्या नेमणुकीविरोधात उतरले होते. १९२१ पासून ते सरन्यायाधीश होते आणि ब्रँडाइस त्यांच्यासोबतच होता.

ऑगस्टमध्ये मात्र गोष्ट पैशाची नव्हती, जिवाची होती. सॅको आणि वँझेटी हे दोन इटालियन स्थलांतरित अराजकवादी. खुनाच्या आरोपात फाशीची नव्हे, विजेच्या खुर्चीची शिक्षा. जगभर निदर्शनं चालू होती. शिक्षेच्या आदल्या दिवशी वकील गाडी काढून केप कॉडच्या चॅटम गावी ब्रँडाइसच्या सुट्टीच्या घरी पोहोचले. शिक्षा थांबवायचा आदेश द्या म्हणाले. ब्रँडाइसने व्हरांड्यातच नकार दिला. घरातली माणसं या प्रकरणात गुंतलेली आहेत, म्हणून मी हात लावू शकत नाही, हे त्याचं कारण.

कारण खरं होतं. त्याची बायको ॲलिस आरोपींच्या बाजूने होती आणि खटल्याच्या काळात सॅकोची बायको ब्रँडाइसच्या डेडहॅममधल्या घरात राहिली होती. दुसऱ्या न्यायमूर्तींनीही नकार दिला. २३ ऑगस्टला मध्यरात्र उलटताच दोघांना मारण्यात आलं. इतकी वर्षं ज्याला जनतेचा वकील म्हणत होते, त्याच्या व्हरांड्यातून वकील तसेच परत गेले. ज्यांना ब्रँडाइसकडून आशा होती त्यांच्यातल्या अनेकांनी त्याला माफ केलं नाही.

इथपर्यंत वाचून वाटेल की हा माणूस नियमाचा भलताच पक्का. थांबा.

मघाशी आलेला प्राध्यापक फ्रँकफर्टर आठवतोय? ब्रँडाइस कोर्टात बसल्यावर त्याने आपली अपुरी राहिलेली सार्वजनिक कामं फ्रँकफर्टरकडे सोपवली आणि त्या खर्चासाठी त्याला पैसे पाठवायला सुरुवात केली. नंतरच्या काळात ही रक्कम वर्षाला ३,५०० डॉलरपर्यंत गेली. ब्रँडाइस पत्रातून कल्पना कळवायचा, कुठल्या विषयावर लेख हवा, कुठला कायदा हवा. फ्रँकफर्टर लेख लिहायचा, माणसं हलवायचा. वर्षानुवर्षं हे चाललं. सर्वसामान्य वाचकांसमोर ते नीट आलं १९८२ मध्ये, ब्रूस ॲलन मर्फी या अभ्यासकाच्या पुस्तकातून, आणि मोठा गदारोळ झाला. समर्थक म्हणाले पैसे ब्रँडाइसचे स्वतःचे होते, कुणाला लाच दिली नाही. टीकाकार म्हणाले न्यायाधीशाने पडद्याआडून राजकारण चालवलं. झिओनिस्ट चळवळीचंही तेच. १९१६ मध्ये पदं सोडली, पण सूत्रं पुढची काही वर्षं हातातच होती.

पैशाचा मोह नव्हता हे खरंच. घर इतकं साधं की जेवायला बोलावलेले पाहुणे अर्धपोटी परतायचे असे किस्से वॉशिंग्टनमध्ये प्रसिद्ध होते. मेल्यावर संपत्ती निघाली सुमारे ३० लाख डॉलर. ट्युमीच्या महापौरासारखा १२ डॉलरचा स्वार्थ त्याला कधीच नव्हता. त्याची अडचण वेगळी होती. त्याला जग सुधारायचं होतं आणि न्यायाधीशाच्या खुर्चीला तेवढ्याने भागत नाही.

१९३२ मध्ये भरपाईचा आणखी एक मोठा खटला झाला, क्रोवेल विरुद्ध बेन्सन. बंदरावरच्या एका जखमी माणसाला सरकारी उपायुक्ताने भरपाई मंजूर केली. मालक बेन्सन म्हणाला हा माझा कामगारच नव्हता. बहुमताने ठरवलं की अशा मूलभूत मुद्द्यावर कोर्टाने पुरावे पुन्हा पहिल्यापासून तपासावेत. ब्रँडाइस पुन्हा विरोधात. त्याचं म्हणणं की उपायुक्तासमोर रीतसर सुनावणी झाली असेल तर सगळं परत उकरू नका, तो कामगार किती वर्षं फिरणार? आपल्या कायद्यातही आयुक्ताच्या निर्णयावर हायकोर्टात अपील करायचं तर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असावा लागतो, नुसती तथ्यं पुन्हा उगाळता येत नाहीत. भरपाईच्या केसमध्ये अडकलेल्या कुठल्याही कुटुंबाला विचारा, उशीर हाच अर्धा पराभव असतो.

२९ मार्च १९३७ ला एल्सी पॅरिश या हॉटेलात खोल्या साफ करणाऱ्या बाईचा खटला निकाली निघाला. तिने २१६ डॉलर १९ सेंट थकलेलं किमान वेतन मागितलं होतं. कोर्टाने ५-४ ने तिच्या बाजूने निकाल दिला आणि १९२३ चा निकाल पुसून टाकला. या वेळी ब्रँडाइस बसला होता, त्या पाचांमध्ये होता. वय ८०. स्टेटलरमध्ये जे राहिलं होतं, ते २० वर्षांनी झालं.

पण त्याच वर्षी मे महिन्यात जे झालं त्यावर फार कमी बोललं जातं.

वेतन मंडळ गेल्यावर मुलगी एलिझाबेथ विस्कॉन्सिनला गेली. ती आणि तिचा नवरा पॉल राउशनबुश यांनी तिथे बेरोजगार कामगारांना भत्ता देणारा देशातला पहिला कायदा घडवायला मदत केली, १९३२ मध्ये. हे देशभर कसं करायचं असा प्रश्न होता. १९३३ च्या उन्हाळ्यात चॅटमच्या त्याच घरी, जिथून सॅको-वँझेटीचे वकील परत गेले होते, ब्रँडाइसने लेक-जावयाला एक जुना निकाल दाखवून युक्ती सुचवली. केंद्राने मालकांवर कर लावायचा आणि राज्याने स्वतःचा बेरोजगारी निधी काढला तर त्या करात सूट द्यायची. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात हीच युक्ती आली.

त्या कराला स्टुअर्ड मशीन कंपनीने आव्हान दिलं. २४ मे १९३७ ला निकाल लागला, कर वैध, ५ विरुद्ध ४. ब्रँडाइस पाचांमध्ये होता. त्याने माघार घेतली नाही. घेतली असती तर ४-४ झालं असतं, खालच्या कोर्टाने कर वैधच ठरवला होता म्हणून तो टिकला असता, पण देशासाठी पायंडा पडला नसता. म्हणजे हुबेहूब १९१७ चं स्टेटलर.

१३ फेब्रुवारी १९३९ ला ब्रँडाइस निवृत्त झाला. काही दिवस आधीच फ्रँकफर्टर त्याच कोर्टात न्यायमूर्ती झाला होता. ५ ऑक्टोबर १९४१ ला ब्रँडाइस वॉशिंग्टनमध्ये वारला. त्याच्या अस्थी लुईव्हिलच्या लॉ स्कूलच्या दर्शनी ओसरीखाली पुरल्या आहेत. त्या लॉ स्कूलला आज त्याचंच नाव आहे. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने न्यायाधीशांसाठी पहिली लेखी आचारसंहिता स्वीकारली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. माघार घ्यायची की नाही हे त्यातही ज्याचं त्यानेच ठरवायचं आहे.